खिशातला कॅमेरा की चिखलातला?

ओएम सिस्टीम या जपानी ब्रँडच्या टीजी-७ या दणकट कॅमेऱ्याची जाहिरात चार आकड्यांवर चालते. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी शाबूत राहतो, १०० किलोचा भार सोसतो आणि उणे १० अंशांच्या थंडीतही फोटो काढतो. परभणी जिल्ह्यातल्या माणसाने हे आकडे एकेक करून तपासले तर गंमत होते. उणे १० अंश इथे कधी येत नाहीत; पारा एक आकडी झाला तरी त्याची बातमी होते. १५ मीटर पाणी येलदरीच्या धरणात मिळेल, पण त्यात बुडी मारून फोटो काढायला कोणी जात नाही. १०० किलो म्हणजे शिगोशीग भरलेलं पोतं. ते कॅमेऱ्यावर पडण्याचा योग आयुष्यात एखाद्या वेळी आला तर आला. कामाचा उरतो तो फक्त पडण्याचा आकडा. आणि इथल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा जाहिरातीत नसतोच. तो माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या तक्त्यात बारीक अक्षरात असतो : वापरण्याची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा हा दणकट गडीसुद्धा कागदोपत्री कामावरून सुट्टीवर असतो.

छोटा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसापुढे दुकानात दोन जाती येतात. एक खिशात मावणारा नाजूक कंपॅक्ट, दुसरा पाणी-धूळ-धक्का सोसणारा दणकट. दुकानदार विचारतो, ‘पाण्यात वापरणार का?’ परभणीसाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवेत ते दोन प्रश्न असे : आपल्याकडे कॅमेरा कशाने मरतो, आणि आपले फोटो कोणत्या उजेडात काढले जातात? पहिल्याचं उत्तर दणकट कॅमेऱ्याकडे नेतं, दुसऱ्याचं बहुधा कंपॅक्टकडे. कोणतं उत्तर जास्त वजनदार, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दोन घराणी

दणकट कॅमेऱ्यांची दोन घराणी आहेत. पहिलं समुद्राचं. फ्रेंच सागरसंशोधक जाक कूस्तो यांच्या पुढाकारातून १९६० च्या सुमारास ‘कॅलिप्सो’ हा वेगळ्या पेटीशिवाय थेट पाण्यात नेता येणारा कॅमेरा बाजारात आला. निकॉनने तो हाती घेतला आणि १९६३ पासून ‘निकोनॉस’ या नावाने विकला. दुसरं घराणं बांधकामाचं. जपानमध्ये इमारती, रस्ते, बोगदे यांच्या कामाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रं ठेवावी लागतात. सिमेंटची धूळ, चिखल, पाऊस आणि हातमोजे यांत चालेल असा कॅमेरा हवा, म्हणून कोनिका कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामावर देखरेख करणाऱ्यांसाठी खास फिल्म कॅमेरे काढले. मोठी बटणं, जाड रबरी कवच आणि बेताचं जलरोधन असा तो ऐवज होता.

डिजिटल काळात ऑलिम्पसने (याच कंपनीचा कॅमेरा विभाग पुढे ओएम सिस्टीम झाला) २००६ साली ३ मीटर पाणी आणि दीड मीटर पडझड सोसणारा म्यू ७२० एसडब्ल्यू आणला. तिथून ही दोन घराणी एक झाली. पुढे २०१२ मध्ये टीजी-१, मग टीजी-४, ५, ६ आणि २०२३ मध्ये टीजी-७ अशी ती वंशावळ आहे. निकॉन, कॅनन, पॅनासॉनिक, फुजीफिल्म, रिको या सगळ्यांनीच असे कॅमेरे काढले. त्यातले बरेच आता बंद झाले. जाहिरातीत मात्र मासे, प्रवाळ आणि निळं पाणीच दिसतं. परभणीच्या माणसाने समुद्राचं घराणं विसरून बांधकामाच्या घराण्याकडे पाहावं. तारकर्लीची सहल होईल तेव्हा होईल. फुफाटा आणि चिखल रोजचाच आहे.

कॅमेरा कशाने मरतो?

कंपॅक्ट कॅमेरा खिशात मावतो त्याचं कारण त्याची लेन्स एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असते. बटण दाबलं की नळ्या बाहेर येतात, बंद केला की आत जातात. प्रत्येक वेळी आतली हवेची जागा वाढते-घटते आणि लोहाराच्या भात्याप्रमाणे बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेबरोबर धूळ येते. ती सेन्सरवर बसली की आकाशाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या फोटोत करडे ठिपके दिसू लागतात. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून सेन्सर फुंकून साफ करता येतो. कंपॅक्टचा सेन्सर साफ करायचा तर अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. वाळूचा एखादा कण नळीच्या फटीत अडकला तर मोटार अडते, पडद्यावर लेन्समध्ये बिघाड असल्याची सूचना येते आणि कॅमेरा अर्धवट जीभ बाहेर काढून बसतो.

आता काळ्या मातीचा विचार करा. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली ही माती अतिशय बारीक चिकणकणांची असते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि गाडीवाटेवर तिचा घोटाभर फुफाटा होतो. पावसाळ्यात तीच माती फुगते, चिकटते आणि बुटाला किलोभर लगदा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू झाली की यंत्रातून भुशाचा लोट उडतो. कापूस वेचणीत तंतू उडतात. रंगपंचमीला आणि मिरवणुकीत गुलाल असतो, तो तर मातीहून बारीक. अशा ठिकाणी नळ्यांची लेन्स उघडणं म्हणजे बिघाडाला आमंत्रण.

दणकट कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येतच नाही. प्रकाश समोरच्या काचेतून आत शिरतो, लोलकावर आपटून काटकोनात वळतो आणि कॅमेऱ्याच्या आतल्या आत, आडव्या किंवा उभ्या बसवलेल्या भिंगांमधून सेन्सरपर्यंत जातो. घडी घातलेल्या लेन्सची ही युक्ती २००२ मध्ये मिनोल्टाच्या डायमाज एक्स या चपट्या कॅमेऱ्यात आली. ती दणकट कॅमेऱ्यांच्या पथ्यावर पडली, कारण हलणारं सगळं सीलबंद काचेमागे राहतं. झूम केला तरी बाहेरची हवा आत जात नाही.

कॅमेऱ्याची ही तटबंदी आंतरराष्ट्रीय आयपी दर्जाच्या दोन अंकांनी सांगतात. पहिला अंक धुळीचा, ० ते ६. सहा म्हणजे धूळ आत शिरतच नाही. दुसरा पाण्याचा; सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आठ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनीने सांगायचं. दुकानात सगळे दुसऱ्या अंकाबद्दल बोलतात. परभणीच्या गिऱ्हाइकाने आधी पहिला अंक सहा आहे का ते पाहावं. दुसरा अंक सात निघाला तरी पाऊस, चिखल, नळाखालची धुलाई यांना तो पुरून उरतो.

पडण्याच्या आकड्यातही एक मेख आहे. अशा चाचण्या अमेरिकी लष्करी मानकाच्या धर्तीवर होतात आणि कॅमेरा सहसा ५ सेंटिमीटर जाडीच्या प्लायवूडवर टाकला जातो. काळा दगड म्हणजे प्लायवूड नव्हे. दोन मीटरचा दावा असेल तर हातातून फरशीवर पडणं निभावेल, पण मोटारसायकलवरून खडीवर पडला तर हमी नाही.

उजेडाचा हिशेब

इथवर वाचून दणकट कॅमेरा घ्यायला निघाला असाल तर थांबा. त्या सीलबंद पेटीची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते. घडी घातलेल्या लेन्समागे मोठा सेन्सर बसत नाही. टीजी-७ चा सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत किंवा कॅननच्या जी७ एक्स मालिकेत असतो तो ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. क्षेत्रफळ चौपट, म्हणून तेवढ्याच उजेडात तो चौपट प्रकाश गोळा करतो. रिकोचा जीआर-३ आणखी पुढचा. त्याचा सेन्सर सुमारे ३६६ चौरस मिलिमीटरचा, तरी तो खिशात मावतो. मात्र त्याला झूम नाही.

त्यात लेन्सचा हिशेब मिळवा. टीजी-७ ची लेन्स २५ ते १०० मिलिमीटर झूमची. रुंद टोकाला तिचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ २.० (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), पण पूर्ण झूमवर ते एफ ४.९ होतं. कॅनन जी७ एक्स मार्क ३ ची लेन्स २४ ते १०० मिलिमीटरची, एफ १.८ ते २.८. सेन्सर आणि लेन्स दोन्ही धरून गणित केलं तर रुंद टोकाला कॅननला पाचपट प्रकाश मिळतो आणि पूर्ण झूमवर बारापट.

बारापट म्हणजे प्रत्यक्षात काय? सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन घ्या. मांडवात ट्यूबलाइट आणि दोन हॅलोजन. आपण टाळकऱ्यांच्या मागे बसलेले, म्हणून बुवांचा चेहरा टिपायला पूर्ण झूम लागणार. बुवांचे हात सतत फिरताहेत, ते पुसट येऊ नयेत म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या खाली नेता येत नाही. दणकट कॅमेऱ्याला अशा वेळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवावा लागला, तर त्याच शटरवर कॅननचं काम २००० च्या आसपास भागतं आणि तेही मोठ्या सेन्सरवर. पहिल्या फोटोत दाणे दिसतात, फेट्याचा रंग फिका पडतो, कपाळावरचा बुक्का आणि भुवई एक होतात. दुसरा फोटो छापून भिंतीवर लावता येतो. लग्नाचा हॉल, गोंधळ, फेब्रुवारीत शहरात भरणाऱ्या तुराबुल हक शाह दर्ग्याच्या उरुसातली रात्रीची रोषणाई, घरातलं बारसं, गणपतीची आरती या सगळ्या जागा कंपॅक्टच्या आहेत.

उलटही सांगायला हवं. भर उन्हात, ढगाळ दिवशी किंवा शेतात हा फरक जवळपास नाहीसा होतो. उजेड भरपूर असला की छोटा सेन्सरही पोटभर जेवतो. मोबाइलच्या पडद्यावर किंवा वर्तमानपत्राच्या दोन कॉलमात कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे छायाचित्रकारालाही ओळखू येणार नाही.

डोमकळी

दणकट कॅमेऱ्याच्या एका गुणाची परभणीत जेवढी किंमत आहे, तेवढी समुद्रकिनाऱ्यावरही नसेल. तो गुण म्हणजे जवळून फोटो घेण्याची ताकद.

कपाशीच्या पिकात फुलं लागली की गुलाबी बोंडअळी शोधायची ती डोमकळीत. निरोगी फूल मोकळं उमलतं; अळी आत असलेल्या फुलाच्या पाकळ्या धाग्यांनी शिवल्यासारख्या मिटलेल्या राहतात. २०१७ च्या खरिपात या अळीने महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हापासून डोमकळी ओळखणं हा शेतावरचा रोजचा अभ्यास झाला. पाकळी अलगद सोलली की आत अळी दिसते. लहानपणी ती पांढुरकी, डोकं काळपट. मोठी झाल्यावर गुलाबी आणि लांबीला जेमतेम एक सेंटिमीटर. हिचा फोटो कृषी सहायकाला किंवा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञाला पाठवायचा असेल तर अळीच्या अंगावरच्या खुणा दिसायला हव्यात.

टीजी मालिकेचे अलीकडचे कॅमेरे वस्तूपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतात. मायक्रोस्कोप मोड लावला की ही अळी चौकट भरून टाकते, तिच्या पाठीवरच्या गुलाबी पट्ट्या आणि पाय वेगळे दिसतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, सोयाबीनच्या पानावरचे डाग यांचीही तीच गत. छोट्या सेन्सरचा इथे तोटा नव्हे तर फायदा होतो, कारण त्यामुळे फोकसमध्ये येणारी खोली जास्त मिळते. एवढ्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पडते. त्यावर लेन्सभोवती बसणारं कडं मिळतं. ते कॅमेऱ्याचा दिवा अळीवर चहूबाजूंनी पसरवतं. कॅमेरा पानावर टेकवला, दव लागलं, माती लागली तरी पुसून पुढे जाता येतं.

एक इंची कंपॅक्टही रुंद टोकाला पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात, पण त्या टोकाला चौकट इतकी रुंद असते की अळी बोंडाच्या कोपऱ्यात तांदळाएवढी दिसते. झूम करावा तर तो जवळ फोकस होत नाही. कृषीचा विद्यार्थी, कृषी सेवा केंद्र चालवणारा, निसर्गाची आवड असलेला शाळामास्तर यांच्यासाठी हा एकच मुद्दा निर्णय करून टाकतो.

बारवेच्या तळाशी

याच्या नेमकं उलट काम बारवेचं. सेलू तालुक्यातल्या वालूर गावी चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. गाळाने बुजलेली ही विहीर गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली आणि तिचे फोटो राज्यभर फिरले. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला यादवकालीन मंदिरांच्या समूहात अशीच देखणी बारव आहे. बारवेचा फोटो कॅमेऱ्याची परीक्षा घेतो. वर आकाश पांढरंफटक, खाली पायऱ्यांच्या कोनाड्यात अंधार, मधला दगड काळा. एकाच फोटोत दोन्ही टोकं सांभाळायची तर सेन्सरला उजळ आणि अंधारा तपशील एकाच वेळी धरता यायला हवा, आणि मोठा सेन्सर यात सरस ठरतो. फोटो रॉ स्वरूपात घेतला तर अंधाऱ्या कोनाड्यातली मूर्ती नंतर संगणकावर वर काढता येते. टीजी-७ मध्येही रॉ आहे, पण त्याच्या फाइलमधून अंधार वर उचलला की दाणे आधी वर येतात.

बारवेत लेन्सच्या रुंदीतला थोडासा फरकही जाणवतो. मागे सरकायला जागा नसते, म्हणून रुंद लेन्स हवी. अर्थात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला तर कोणता कॅमेरा हातात असलेला बरा, हे सांगायची गरज नाही. म्हणून कंपॅक्ट नेणाऱ्याने मनगटाचा पट्टा घट्ट करून, कॅमेरा बंद ठेवून उतरावं आणि तळाशी पोहोचल्यावरच लेन्स उघडावी.

वाफ, सील आणि बुरशी

‘वॉटरप्रूफ’ हा गुण कॅमेऱ्याच्या अंगात कायमचा मुरलेला नसतो. तो बॅटरीच्या आणि वायरच्या झाकणाला असलेल्या रबरी पट्टीवर अवलंबून असतो. त्या पट्टीवर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला की पाण्याला वाट मिळते. पट्टी वयानुसार कडक होते, आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर होते. म्हणून कंपनी दरवर्षी सील बदलायला सांगते. झाकण उघडण्यापूर्वी कॅमेरा कोरडा पुसावा, झाकण जमिनीच्या दिशेने धरून उघडावं आणि पट्टीवरून स्वच्छ कोरडं कापड फिरवावं. चिखलाने माखलेला कॅमेरा आधी झाकण बंद असतानाच स्वच्छ गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा; चोळून माती काढली तर काचेवर ओरखडे पडतात. समुद्रावरून आल्यावर तर हे आंघोळीइतकंच सक्तीचं.

उन्हाळ्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली आणि तो तसाच विहिरीच्या २५ अंशांच्या पाण्यात बुडवला, तर आतली हवा आकसून तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. हा फरक पाण्याच्या पाऊण मीटर खोलीच्या दाबाइतका आहे. सील धड असेल तर काही होत नाही. त्यात केस अडकला असेल तर पाणी वरवरच्या बुडीतही आत ओढलं जातं. शिवाय दमट हवेत झाकण उघडून बॅटरी बदललेली असली, तर आत अडकलेली वाफ थंड पाण्यात काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरते. टीजी मालिकेत याचसाठी दुहेरी काच आहे. तरीही बॅटरी आणि कार्ड घरात, पंख्याखाली, कोरड्या जागी बदलावं हे उत्तम.

पावसाळ्यात कंपॅक्टचा शत्रू पाण्याच्या थेंबापेक्षा बुरशी जास्त. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता चढलेली असते आणि कपाटातल्या चामडी पाकिटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात. ते भिंगाचा लेप खातात, म्हणून नंतर पुसूनही डाग जात नाही. चामडी पाकीट बाजूला ठेवावं आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. निळ्या पुड्या ओल धरून गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. खर्च किरकोळ, फायदा कॅमेऱ्याएवढा.

ऊन सगळ्यांना सारखंच

उन्हापुढे मात्र दोघांचीही मिजास चालत नाही. ४० अंशांची मर्यादा आरएक्स१०० लाही आहे आणि टीजी-७ लाही. ४२ अंशांत कॅमेरा लगेच बंद पडत नाही, पण लांब व्हिडिओ काढताना तो तापून थांबू शकतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात तापमान साठीच्याही पुढे जातं. तिथे कोणताही कॅमेरा ठेवू नये. पांढऱ्या ओल्या उपरण्यात गुंडाळलेली पिशवी, ही शेतकऱ्याची पाण्याच्या बाटलीची युक्ती कॅमेऱ्यालाही लागू पडते. फक्त ओल पिशवीच्या आत जाऊ देऊ नये.

उन्हाचा दुसरा जाच डोळ्यांना. दुपारी बाराला पडदा दिसतच नाही, अंदाजाने फोटो काढावा लागतो. सोनी आरएक्स१०० च्या तिसऱ्या पिढीपासून डोळ्याला लावायचा छोटा व्ह्यूफाइंडर आहे. टीजी मालिकेत तो नाही. दणकट कॅमेऱ्यांपैकी पॅनासॉनिकच्या २०१८ मधल्या एफटी-७ मध्ये तो होता, पण तो कॅमेरा आता नवा मिळणं कठीण.

मोबाइल असताना?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पिकाच्या नोंदीसाठी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तिथे शेतातून, ॲपमधूनच फोटो द्यावा लागतो, कॅमेरा चालत नाही. महागड्या मोबाइलचा मुख्य सेन्सर आता दणकट कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि अनेक मोबाइलना आयपी ६८ दर्जाही असतो. पण पाण्याने झालेलं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, आणि बँकेपासून आधारपर्यंत सगळं ज्यात आहे तो मोबाइल गाळात कोण घालणार? शिवाय ओल्या, चिखलाने माखलेल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, बटण देतं. आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे जाते, तेव्हा भर पावसात चालणाऱ्या वारकऱ्याला गळ्यात लटकवलेला बटणांचा कॅमेरा पिशवीतल्या मोबाइलपेक्षा जास्त फोटो देतो. तेव्हा मोबाइल जे देत नाही ते देणारा कॅमेराच घ्यावा. नळीने पुढे जाणारा खरा झूम, एक सेंटिमीटरचा मॅक्रो किंवा चिखलाची बेफिकिरी, यांपैकी एकही नको असेल तर मोबाइल पुरेसा आहे. येलदरीवर हिवाळ्यात येणारे पक्षी टिपायचे असतील तर या दोन्ही जाती विसरा; तिथे लांब झूमचा वेगळाच कॅमेरा लागतो.

दुरुस्ती आणि जुना माल

दुरुस्तीचा विचार आधी करावा, कारण तो नंतर महागात पडतो. कंपनीचं अधिकृत केंद्र बहुधा मोठ्या शहरातच मिळतं, कॅमेरा कुरिअरने पाठवावा लागतो. कंपॅक्टची अडकलेली लेन्स गावातला जाणता कारागीर मोकळी करू शकेल. दणकट कॅमेरा मात्र त्याच्याकडे खोलला की पुन्हा सीलबंद झाला की नाही हे तपासायला त्याच्याकडे दाब देणारं यंत्र नसतं. असा कॅमेरा त्यानंतर पावसाला चालेल, बुडवायला नाही.

जुना घेताना कंपॅक्ट सुरू-बंद करून नळ्यांचा आवाज ऐकावा. करकर ऐकू आली तर आत कण आहेत. मग अपर्चर जमेल तितकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा आणि मोठा करून ठिपके मोजावेत. जुन्या दणकट कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण उघडावं. तिथे हिरवट-पांढरी पूड किंवा गंज दिसला, काचेच्या आत धुक्याचा डाग असला, तर पाणी एकदा आत जाऊन आलेलं आहे. तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग घ्यायचा कोणता?

शेतात काम करणारा, कृषी शिकणारा, साखर कारखान्याच्या किंवा रस्त्याच्या कामावर देखरेख करणारा, पुरातल्या गावांत फिरणारा वार्ताहर, वारीला जाणारा या सगळ्यांनी दणकट कॅमेरा घ्यावा. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत परभणी जिल्ह्यात ज्यांना पुराच्या पाण्यातून वाट काढत नुकसानीचे फोटो घ्यावे लागले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरचे समारंभ, कीर्तन-प्रवचन, नाटक, मंदिरं आणि बारवा, मुलाबाळांचे फोटो हे ज्याचं जग आहे, त्याने एक इंची सेन्सरचा कंपॅक्ट घ्यावा आणि पाऊस आला की तो घट्ट चेनच्या प्लास्टिक पिशवीत टाकावा. कंपॅक्टसाठी पाण्यात न्यायची खास पेटी मिळते, पण ती कधी कधी कॅमेऱ्याइतकीच महाग पडते; वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. कंपॅक्टच्या किमती अलीकडे वाढल्या आहेत. तेव्हा दोन्हींमधला सुवर्णमध्य म्हणून दुकानदार स्वस्तातला, छोट्या सेन्सरचा, नळ्यांच्या लेन्सचा कंपॅक्ट पुढे करील. तो घेऊ नये. त्यात दणकट कॅमेऱ्याचं बळ नाही आणि मोठ्या कंपॅक्टची नजर नाही. मोबाइल त्याच्यापेक्षा बरा.

अजून ठरत नसेल तर दुकानात जाण्यापूर्वी मोबाइल उघडून गेल्या वर्षभराचे फोटो चाळा. जे फोटो अंधुक, दाणेदार किंवा पुसट आले त्यांची एक यादी करा. जे फोटो पाऊस, माती, पाणी यांच्या भीतीने घ्यायचे राहिले, ते आठवून त्यांची दुसरी. पहिली यादी लांब असेल तर कंपॅक्ट, दुसरी लांब असेल तर दणकट. आणि दोन्ही याद्या कोऱ्या निघाल्या, तर कॅमेऱ्याचे पैसे वाचले असं समजून खुशाल घरी बसा.